विचारा, सांगतो: पट्टीवर वर एक शेतकरी, खाली दुसऱ्याचे कॅरेट

या वेळच्या गठ्ठ्यातून चार प्रश्न काढले आणि चारही एकाच घराण्यातले निघाले. वेब पेजने मागच्या माणसाचं काहीतरी धरून ठेवलं आणि पुढच्या माणसाला वाढलं. पहिल्या प्रश्नाला मुद्दाम जास्त जागा दिली आहे, कारण त्यात मी स्वतः एकदा पार नाक घासलंय.

प्रश्न: नमस्कार दादा, कळमना मार्केटला आमच्या काकांची संत्र्याची आडत आहे. शेतकऱ्याचा माल विकला की त्याला पट्टी द्यावी लागते, म्हणजे किती कॅरेट, काय भाव, हमाली-तोलाई किती, हातात किती. त्यासाठी एका मुलाने बरीच वर्षं आधी पर्ल या प्रोग्रामिंगच्या भाषेत वेब पेज बनवून दिलं होतं, स्लो होतं पण कधी चुकलं नाही. यंदा अंबिया बहाराच्या आधी नवीन सर्वर घेतला, त्या सर्वरवाल्याने सीजीआय काढून मॉड-पर्ल लावलं आणि पेज खरंच जाम फास्ट झालं. सर्वरवाला म्हणाला कोडमध्ये यूज स्ट्रिक्ट (न जाहीर केलेलं व्हेरिएबल चालू न देणारी ओळ) नाहीये, ते टाका, म्हणून मी टाकलं, तर पन्नास एरर आले, मग सगळ्या व्हेरिएबलच्या आधी माय (व्हेरिएबल तिथल्यापुरतंच जाहीर करणारा शब्द) लावत गेलो आणि एरर संपले. पण आता पट्टीवर वर नाव बरोबर येतं आणि खालच्या टेबलमध्ये दुसऱ्याच शेतकऱ्याचे कॅरेट येतात! नेहमी नाही, कधीकधी. सर्वर रिस्टार्ट केला की थोडा वेळ ठीक. कोडमध्ये काही बदललं की पण ठीक होतं, मला वाटतं सापडलं, आणि मग सकाळी लिलावाच्या गर्दीत परत सुरू. काटोलच्या एका काकांना मोर्शीवाल्यांची पट्टी गेली, त्यांनी आडतीवर येऊन सगळ्यांसमोर सुनावलं. काय करू?
(एक वाचक, कळमना)

उत्तर: भाऊ, आधी एक काम करा, हे वाचून होईपर्यंत पट्ट्या हाताने लिहा. खरंच सांगतोय. चुकीची पट्टी गेली तर हिशोब उद्या दुरुस्त होईल, पण एका शेतकऱ्याचा भाव दुसऱ्याला दिसला की मार्केटमध्ये काय होतं ते तुमचे काका मला शिकवतील.

आता मूळ गोष्ट. तर्री पोह्याच्या ठेल्यावर दोन पद्धती असतात बघा. एक कागदाची प्लेट, खाल्लं की फेकली, पुढच्याला नवीन कोरी. दुसरी स्टीलची प्लेट, ती बादलीत बुचकळून परत पुढच्याला. सीजीआय म्हणजे कागदाची प्लेट. १९९३ मध्ये एनसीएसए सर्वरच्या लोकांनी ही पद्धत काढली तेव्हापासून तिचा नियम एकच, ब्राउझरकडून एक मागणी आली की सर्वर एक नवीन प्रोसेस उघडतो, पर्ल सुरू होतं, तुमची फाईल पहिल्या ओळीपासून वाचतं, चालवतं, उत्तर देतं आणि मरतं. मेलं की सगळी मेमरी परत. मग तुम्ही व्हेरिएबल शून्य केलं होतं की नव्हतं, फाईल बंद केली की नाही, कोणी विचारत नाही, आपोआप सगळं साफ. म्हणूनच तुमचा प्रोग्राम इतकी वर्षं चुकला नाही आणि म्हणूनच स्लो होता, प्रत्येक पट्टीमागे पर्ल नव्याने जन्माला येत होतं.

मॉड-पर्लमध्ये, जे १९९६ च्या सुमारास आलं आणि पुढे डग मॅकइचर्नने वाढवलं, पर्ल हे अपाचेच्या, म्हणजे वेब सर्वरच्या, पोटातच बसलेलं असतं. अपाचेचे चाइल्ड प्रोसेस सकाळपासून बसून आहेत, तुमची फाईल प्रत्येक चाइल्डने एकदाच कंपाइल करून (चालवायला तयार करून) ठेवली आहे, मागणी आली की फक्त चालवायचं. म्हणजे तुमचा प्रोग्राम आता संपतच नाही, एका शेतकऱ्याचं काम संपतं आणि प्रोग्राम तसाच पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. स्टीलची प्लेट. आणि काठाला मागच्याची तर्री लागलेली.

पण तुमच्या केसमध्ये एक मजेदार गोष्ट आहे. तुम्ही तर माय लावलं होतं नं? मायने केलेलं व्हेरिएबल तर प्रत्येक वेळी नवीन बनतं, मग तर्री कुठून आली? इथेच भलेभले पडतात. मीही पडलो होतो, एका ट्रॅव्हल्सवाल्यासाठी सीट बुकिंगचं पेज केलं होतं तेव्हा, नागपूर-पुणे स्लीपरची सीट नागपूर-इंदूरच्या तिकिटावर छापून येत होती, आणि मी तीन रात्री डेटाबेसला शिव्या देत बसलो होतो. डेटाबेस बिचारा बरोबर होता.

होतं असं. मॉड-पर्लमध्ये जुन्या सीजीआय फाइली चालवायला रजिस्ट्री नावाचं मॉड्यूल वापरतात, तुमच्या सर्वरवाल्यानेही तेच लावलं असणार. हे रजिस्ट्री तुमची अख्खी फाईल उचलतं आणि तिला एका मोठ्या फंक्शनमध्ये गुंडाळतं, त्या फंक्शनचं नाव हँडलर. तुमच्या फाईलमध्ये वर सुट्टी ओळ आहे ना, माय डॉलर शेतकरी, माय ॲट कॅरेट वगैरे, ती आता हँडलरच्या आत गेली. आणि खाली तुम्ही जे सब (पर्लमध्ये फंक्शनला सब म्हणतात) लिहिलं आहे, समजा पट्टी-छाप, ते पण हँडलरच्या आत गेलं. म्हणजे फंक्शनच्या पोटात फंक्शन, तुम्हाला न विचारता.

आता पर्लचा नियम ऐका. नाव असलेलं सब हे कंपाइल होताना एकदाच बनतं, आणि बाहेरची माय व्हेरिएबल ते पहिल्यांदा जी दिसली तीच पकडून बसतं, कायमची. आडतीवरचंच उदाहरण घ्या. समोरच्या गादीवरचा माणूस प्रत्येक शेतकऱ्यासाठी कोरी पाटी काढतो, त्यावर नाव, कॅरेट लिहितो. आत मुनीम बसलाय पट्टी बनवायला. पहिल्या शेतकऱ्याच्या वेळी दोघांच्या हातात एकच पाटी होती, म्हणून पट्टी बरोबर निघाली. दुसरा शेतकरी आला, गादीवाल्याने नवीन पाटी घेतली, त्यावर नवीन नाव लिहिलं, पण मुनीम काही उठला नाही, तो आपली पहिलीच पाटी मांडीवर घेऊन बसलाय आणि त्यावरूनच पट्टी लिहून देतोय. तिसऱ्यालाही तेच. शंभराव्यालाही तेच, संध्याकाळी शटर पडेपर्यंत.

म्हणून तुमच्या पट्टीवर वरचं नाव बरोबर, कारण ते वरच्या सुट्ट्या कोडमधून छापलं जातंय, आणि खालचं टेबल चूक, कारण ते सबमधून छापलं जातंय. तुम्ही पत्रात ही एक ओळ लिहिली नसती तर मला एवढ्या खात्रीने सांगता आलं नसतं. "चूक येते" असं लिहून पाठवणारे खूप असतात, तुम्ही वर काय खाली काय ते लिहिलं.

आणि तुमच्या लक्षात आलं असेल, यूज स्ट्रिक्टने बिघडवलं नाही पण बिघडायला दार उघडून दिलं. आधी ती सगळी व्हेरिएबल ग्लोबल, म्हणजे सगळ्या फाईलला मिळून एकच, होती, आणि तो जुना मुलगा बहुतेक वर प्रत्येक गोष्ट शून्य करत असणार, त्यामुळे जुना कोड जसाच्या तसा मॉड-पर्लवर टाकला असता तर कदाचित चाललाही असता. तुम्ही एरर घालवायला माय-माय लावत गेलात आणि गादीवाला-मुनीम वेगळे झाले. याचा अर्थ स्ट्रिक्ट काढून टाका असा घेऊ नका बाप्पा, राहू द्या ते.

मग कधीकधीच का होतं? अपाचेचे चाइल्ड एक नसतात. प्रीफोर्क पद्धतीत काही बदललं नसेल तर सुरुवातच ५ चाइल्डने होते, गर्दी वाढली की वाढतात. प्रत्येकाची मेमरी वेगळी, प्रत्येकाचा मुनीम वेगळा, आणि प्रत्येकाची पहिली पट्टी बरोबर. रिस्टार्ट केला की पाचही मुनीम ताजे, दुपारी ऑफिसात बसून तुम्ही दोन-तीन पट्ट्या काढून बघता, त्या वेगवेगळ्या चाइल्डकडे गेल्या तर तिन्ही बरोबर. लिलाव सुरू झाला, रांग लागली, प्रत्येक चाइल्डची दुसरी-तिसरी फेरी आली की गोंधळ. आणि कोड बदलल्यावर ठीक होण्याचं गुपित याहून वाईट आहे, रजिस्ट्री फाईलची वेळ बघत असतं, फाईल सेव्ह झालेली दिसली की नव्याने कंपाइल, म्हणजे मुनीम परत ताजा. तुम्ही काहीही बदला, एखादी रिकामी ओळ टाका, त्यानंतरची पहिली पट्टी बरोबरच येणार. तुम्ही आजवर जे जे "सापडलं" म्हणालात ते सगळं या हिशोबाने खोटं समजा.

आता हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा, माझ्यावर विश्वास ठेवू नका. फाईलमध्ये एक ग्लोबल काउंटर टाका, अवर (ग्लोबल व्हेरिएबल जाहीर करणारा शब्द) लावून, आणि त्याला कुठेही शून्य करू नका, फक्त दर वेळी एक वाढवा. रोगालाच थर्मामीटर बनवायचं. मग एरर लॉगमध्ये एक ओळ छापा: प्रोसेस नंबर (पर्लमध्ये दोन डॉलरची चिन्हं जोडून लिहिली की मिळतो), काउंटर, वरच्या कोडमधला शेतकरी कोड, आणि सबच्या आत दिसणारा शेतकरी कोड. साधारण असं दिसेल:

चाइल्ड ४३१२, फेरी १, वर ११७, आत ११७
चाइल्ड ४३१५, फेरी १, वर २०४, आत २०४
चाइल्ड ४३१२, फेरी २, वर ३३०, आत ११७
चाइल्ड ४३१५, फेरी २, वर ०५८, आत २०४

तिसऱ्या ओळीत ३३० चा माणूस समोर उभा आहे आणि मुनीम अजून ११७ ची पाटी घेऊन बसलाय. ही ओळ एकदा दिसली की पुढे वाद नाही.

दुसरं, तपासताना पाच चाइल्ड कशाला, एकच ठेवा. अपाचे सुरू करताना हायफन आणि कॅपिटल एक्स दिलं की तो एकाच प्रोसेसमध्ये चालतो, मग चूक लपत नाही, दुसऱ्याच पट्टीला येते. अर्थात हे चालू दुकानात करायचं नाही, रविवारी किंवा दुसऱ्या मशीनवर. आणि नेहमी दोन वेगवेगळ्या शेतकऱ्यांचे कोड एकामागून एक टाका, एकच कोड दहादा टाकून काही कळत नाही, मागचाही तोच पुढचाही तोच.

तिसरं, फाईलच्या वर यूज वॉर्निंग्ज टाका आणि एरर लॉग उघडा, तिथे पर्ल स्वतःच सांगतं, व्हेरिएबल अमुक विल नॉट स्टे शेअर्ड, लाइन नंबरसकट. इतकी स्पष्ट सूचना फार कमी वेळा मिळते. मग लोकांना दिसत का नाही? एक तर ती कंपाइल होतानाच येते, म्हणजे प्रत्येक चाइल्डमध्ये एकदा, नंतरच्या हजार ओळींखाली गाडली जाते. आणि तुम्ही हुशारी करून तीच फाईल कमांड लाइनवर तपासली तर काहीच येत नाही, कारण तिथे रजिस्ट्री नाही, गुंडाळणं नाही, फंक्शनच्या पोटात फंक्शन नाही. सगळं स्वच्छ दिसतं आणि माणूस परत डेटाबेसला शिव्या द्यायला मोकळा.

उपाय. खरा उपाय एकच आवडतो मला: पट्टी-छाप या सबला जे जे लागतं ते कंसातून हातात द्या. नाव, कॅरेटची यादी, भाव, कपात. बाहेरचं काहीही परस्पर उचलायचं नाही, आणि बेरीज झाली की रिटर्न करायची. गादीवाल्याने पाटी मुनीमाच्या हातात द्यायची, मुनीमाने मांडीवरची वापरायची नाही. तुमच्या फाईलमध्ये असे किती सब असतील, आठ-दहा? एक दुपार लागेल. त्याहून नीट करायचं तर सगळे सब उचलून वेगळ्या मॉड्यूल फाईलमध्ये ठेवा, मग रजिस्ट्री त्यांना गुंडाळतच नाही. पण त्या मॉड्यूलमध्ये वर परत ग्लोबल यादी ठेवून तिच्यात पुश करत बसलात तर ती फुगतच जाईल, सकाळचे ४० कॅरेट, दुपारी १६०, संध्याकाळी गाडीभर.

उद्या सकाळचा लिलाव काढायचा असेल तर घाईचा उपाय: जी व्हेरिएबल सबमध्ये वापरली आहेत तिथे मायच्या जागी अवर करा आणि वर प्रत्येकाला स्पष्ट किंमत द्या, नावाला रिकामं, बेरजेला शून्य, यादीला रिकामी यादी. एकही सोडायचं नाही. जी सुटली तिथे तर्री. आणखी एक मार्ग, रजिस्ट्रीच्या जागी पर्लरन लावा, ते प्रत्येक वेळी फाईल नव्याने कंपाइल करतं आणि झाल्यावर झाडून घेतं. जुन्या, अस्ताव्यस्त फाइलींसाठीच आहे ते. वेग थोडा जाईल पण सीजीआयइतका नाही, कारण पर्ल तर आधीच उभं आहे.

कोणीतरी तुम्हाला असंही सांगेल की मॅक्स कनेक्शन्स पर चाइल्ड १ करून टाका (अपाचे २.४ च्या आधी याच सेटिंगच्या नावात कनेक्शन्सऐवजी रिक्वेस्ट्स होतं), म्हणजे चाइल्ड एक काम करून मरेल. ऐकायला बरोबर वाटतं. पण तिथे कनेक्शन मोजलं जातं, आणि कीप-अलाइव्ह चालू असेल तर एकाच कनेक्शनवरून एकामागून एक मागण्या येतात. तुमच्या आडतीवरचा एकच कम्प्युटर, एकच मुलगा भराभर पट्ट्या काढतोय, ते बहुतेक सगळं एकाच कनेक्शनवरून, एकाच चाइल्डकडे. म्हणजे जिथे गर्दी तिथेच हा उपाय आडवा पडतो. आणि शून्य लिहाल तर चाइल्ड कधीच मरत नाही, तेही ध्यानात असू द्या.

तुमचा कोड मी पाहिला नाही पण इतक्या जुन्या पर्लमध्ये आणखी दोन जागी उंदीर असतातच. एक म्हणजे रेगेक्सच्या (मजकुरात नमुना शोधायच्या सूत्राच्या) शेवटी लावलेला ओ. त्या काळी वेगासाठी लावायचे, अर्थ असा की आतलं व्हेरिएबल एकदाच बघ आणि नमुना पक्का कर. सीजीआयमध्ये एकदाच म्हणजे या मागणीपुरतं, मॉड-पर्लमध्ये एकदाच म्हणजे चाइल्ड जिवंत असेपर्यंत. सकाळी कोणी वरुड शोधलं की दिवसभर त्या चाइल्डमध्ये काहीही टाइप करा, वरुडचेच शेतकरी. तो ओ काढून टाका. दुसरं, माय डॉलर सूट बरोबर इतकं इफ अमुक, अशी एका ओळीतली चतुराई. अट खोटी ठरली की ते माय नीट बसतच नाही आणि मागच्या वेळची किंमत राहू शकते. पर्लवाले स्वतःच म्हणतात की असं लिहिलं तर काय होईल याची हमी नाही, आणि इफ शून्य असा उघड प्रकार तर ५.३० पासून सरळ एरर देतो. आधी माय बरोबर शून्य, मग खालच्या ओळीत इफ. दोन ओळी गेल्या तरी चालतात.

काटोलच्या काकांना सांगा मशीनची चूक होती, पण "कम्प्युटरने केलं" म्हणू नका, ते ऐकणार नाहीत.

प्रश्न: सर, मी हिंगणा रोडला इंजिनिअरिंगला आहे. आमच्या मेसच्या काकूंसाठी डब्ब्याच्या ऑर्डरचं पेज फ्लास्कमध्ये (पायथनमध्ये वेब पेज बनवायचं साधन) बनवलं. लॅपटॉपवर एकदम मस्त चालायचं. सर्वरवर गनिकॉर्नने (पायथनचं पेज चालवणारा सर्वर) ४ वर्कर लावून टाकलं तर एकाच्या ऑर्डरमध्ये दुसऱ्याच्या पोळ्या येतात, आणि आजच्या एकूण ऑर्डर रिफ्रेश केलं की कधी ३, कधी ७, कधी परत ३. ऑर्डर जोडायच्या फंक्शनला मी यादी नावाचं पॅरामीटर दिलंय, डिफॉल्ट रिकामी लिस्ट. एकूण मोजायला वर एक ग्लोबल आहे.
(एक विद्यार्थिनी)

उत्तर: ताई, तुझ्याकडे दोन वेगळे रोग आहेत आणि ते एकमेकांना झाकतायत.

पोळ्यांचा रोग डिफॉल्ट लिस्टचा. पायथनमध्ये डेफची, म्हणजे फंक्शन जिथे लिहिलं जातं ती, ओळ चालते तेव्हा डिफॉल्ट बनतं, एकदाच. फंक्शन बोलावताना नाही. म्हणजे यादी बरोबर रिकामी लिस्ट असं तू लिहिलंस तेव्हा काकूंच्या स्वयंपाकघरात एकच पातेलं आलं, आणि ज्याने स्वतःचं भांडं आणलं नाही त्या प्रत्येकाचं त्याच पातेल्यात पडतंय. डिफॉल्ट नन (काहीच नाही) ठेव आणि आत लिही, नन असेल तर नवीन लिस्ट. झालं. वेबशी याचा खरं तर संबंधच नाही, साध्या प्रोग्राममध्येही हेच होतं, फक्त तिथे प्रोग्राम संपतो म्हणून बोभाटा होत नाही.

३-७-३ चा रोग ग्लोबलचा. ४ वर्कर म्हणजे ४ वेगळ्या प्रोसेस, चौघांचा मोजणीचा आकडा आपापला. रिफ्रेश ज्याच्याकडे गेलं त्याने आपला आकडा सांगितला. कोणीच खोटं बोलत नाहीये. वर्कर १ करून बघ, आकडा एकदम शहाणा होईल, आणि तेवढ्यावर खूश होऊन सोडून देऊ नकोस, कारण वर्कर रिस्टार्ट झाला की आकडा शून्य आणि काकूंच्या ४० डब्ब्यांचा पत्ता नाही. एकूण ऑर्डर हा डेटाबेसमधून मोजायचा आकडा आहे, एसक्यूलाइट पण पुरेल मेसला. एका मागणीपुरतं काही ठेवायचं तर फ्लास्कचं जी आहे, एका माणसापुरतं ठेवायचं तर सेशन. फक्त फ्लास्कचं साधं सेशन कुकीमध्ये जातं, त्यावर सही असते पण कुलूप नसतं, समोरचा वाचू शकतो, तर त्यात मोबाइल नंबर-बिंबर टाकू नकोस.

आणि लॅपटॉपवर मस्त का चालायचं? कारण तू एकटीच होतीस, आणि डीबग मोडमध्ये फाईल सेव्ह केली की फ्लास्कचा सर्वर स्वतःच परत सुरू होतो, पातेलं दर वेळी घासलेलं. वरच्या संत्र्यावाल्या भाऊंना पण याच गोष्टीने फसवलं, त्यांचं उत्तर वाचलं नसशील तर वाच. पुढच्या वेळी दोन ब्राउझर उघड, एक साधा एक प्रायव्हेट, दोन नावांनी ऑर्डर टाक, सेव्ह न करता. पाच मिनिटांचं काम आहे.

प्रश्न: महालातल्या एका छोट्या वाचनालयाचं काम मी बघते. सभासद नोंदणीचं पेज सीजीआय-पीएम (फॉर्म बनवायचं पर्लचं मॉड्यूल) वापरून केलेलं आहे, मॉड-पर्ल वगैरे काही नाही, साधं सीजीआय. नोंद सेव्ह झाली की फॉर्म रिकामा यायला हवा म्हणून मी कोडमध्ये डिफॉल्ट रिकामं दिलंय तरी आधीच्याचं नाव बॉक्समध्ये तसंच राहतं. प्रोसेस तर संपते ना, मग कोण लक्षात ठेवतंय?
(एक वाचक भगिनी)

उत्तर: कोणीच नाही ताई, तुमचा प्रश्न बरोबर आहे आणि म्हणूनच मला आवडला. सीजीआय-पीएमचं हे मुद्दाम ठेवलेलं वागणं आहे, त्याला स्टिकी म्हणतात. तुम्ही सेव्ह दाबलं तेव्हा नाव त्याच मागणीबरोबर आत आलं, आणि सीजीआय-पीएम फॉर्मचा बॉक्स काढताना आधी बघतं की या नावाची किंमत आत आलेली आहे का, असेल तर तीच भरतं, तुमचं डिफॉल्ट बाजूला. माणसाने काहीतरी चुकवलं तर परत सगळं टाइप करायला लागू नये म्हणून केलेली सोय. बॉक्स बनवताना ओव्हरराइड १ द्या, किंवा अख्ख्या फाईलला नको असेल तर यूज सीजीआयच्या ओळीत नोस्टिकी. माझं मत विचाराल तर सेव्ह झाल्यावर सरळ नव्या पत्त्यावर रिडायरेक्ट करा, मग रिफ्रेश दाबल्यावर तोच सभासद दोनदा नोंदला जायची भानगडही मिटते.

हे करूनही एखाद्या मशीनवर जुनं नाव दिसलं तर तिथे फायरफॉक्स आहे का बघा. तो साधं रिफ्रेश केल्यावर बॉक्समध्ये टाइप केलेलं स्वतःच ठेवतो, सर्वरला पत्ताही नसतो. पेजचा सोर्स उघडून बघायचं, सोर्समध्ये बॉक्स रिकामा आणि स्क्रीनवर नाव, तर ब्राउझरचं काम. आणि हो, सीजीआय-पीएम २०१५ च्या पर्ल ५.२२ पासून पर्लबरोबर येत नाही, वेगळं बसवावं लागतं, तर सर्वर बदलताना आधी ते विचारा नाहीतर पेज उघडणारच नाही.

प्रश्न: पीएचपीमध्ये असं काही होत नाही म्हणतात, खरं का? (धरमपेठ)

उत्तर: बऱ्यापैकी खरं. पीएचपीची प्रोसेस जिवंत राहते, पण प्रत्येक मागणीनंतर पीएचपी तुमची सगळी व्हेरिएबल, ग्लोबल आणि स्टॅटिकसुद्धा, स्वतःच धुऊन टाकतं. ऑपकॅश कंपाइल केलेला कोड ठेवतो, तुमच्या किंमती नाही. उरतं ते तुम्ही मुद्दाम ठेवलेलं: सेशन, एपीसीयू (मेमरीत किंमती ठेवायची जागा), आणि पर्सिस्टंट म्हणजे उघडंच राहणारं डेटाबेस कनेक्शन, ज्यात अर्धवट सोडलेलं ट्रान्झॅक्शन किंवा लॉक केलेलं टेबल पुढच्याच्या गळ्यात पडू शकतं. पण लारावेल ऑक्टेन, स्वूल किंवा फ्रँकेनपीएचपीचा वर्कर मोड लावलात तर ही सवलत बंद, तिथे ॲप्लिकेशन एकदा उभं राहतं आणि मागण्या त्यातूनच जातात, मग सिंगलटनमध्ये (सगळ्या ॲप्लिकेशनला एकच असलेल्या ऑब्जेक्टमध्ये) ठेवलेला लॉगिन युजर पुढच्याला दिसू शकतो. तेव्हा या पानावरचा पहिला प्रश्न परत काढा, पर्लच्या जागी पीएचपी वाचा आणि चाइल्डच्या जागी वर्कर, लॉगमधली ती ओळ तशीच छापा.